तुपाच्या डब्याचं चिलखत

मला नकला चांगल्या जमतात. शाळेत हेडबाईंची करायचे, होस्टेलवर मेसवाल्याची, आणि अमेरिकेत आल्यावर पहिली साधली ती काकांची. चष्मा कपाळावर चढवायचा, शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढायची, समोरच्याच्या प्लेटमधल्या डोनटचं भोक दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि घसा खाकरून म्हणायचं, "हे मध्यावर नाही." लोक पोट धरून हसायचे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण काकांबद्दल बोलायला लागले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो आणि मग माझं मलाच आवरावं लागतं.

सिॲटलजवळ बॉथेलला आमची कंपनी हॉस्पिटलात लागणारी यंत्रं बनवायची. मी नागपूरहून आलेली, सत्ताविशीतली प्रोग्रॅमर, जिभेला हाड नसलेली. काका ड्रॉइंग विभागात. पंचावन्नच्या पुढचे, किडकिडीत, बाराही महिने एकच करडा स्वेटर. मुंबईच्या गोदीत त्यांनी वीस-बावीस वर्षं जहाजांची ड्रॉइंग्ज तपासली होती. मग बायको गेली, घर खायला उठलं, आणि कोणाच्या तरी ओळखीने ते दहा वर्षांच्या मुलीला घेऊन या देशात आले. ऑफिसात त्यांना काका म्हणणारी मी एकटीच. बाकीचे नुसतं पहिलं नाव घ्यायचे. तशी हाक आली की ते दर वेळी मागे वळून बघायचे, दुसऱ्याच कोणाला बोलावलंय की काय म्हणून.

मला मात्र ते अहो-जाहो करायचे. "काय नागपूरकर, जेवलात का?" माझ्या नावाने त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही.

त्यांचं काम तपासायचं. विभागात कोणीही ड्रॉइंग काढलं की ते काकांच्या टेबलावर यायचं. तिथे दोनच पेन्सिली, एक पिवळी, एक लाल. ब्लेडने टोक काढलेल्या. बरोबर असलेल्या प्रत्येक मापावर पिवळी रेघ, चुकलेल्यावर लाल गोल. अख्खा कागद पिवळा झाला की खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दुसऱ्या चौकटीत काका सही करायचे, घरच्या कागदपत्रांवर करावी तशी, पूर्ण नावाची.

मी एकदा म्हटलं, "काका, बरोबर आहे त्याला कशाला रेघा मारून राहिले हो? चुकलेलं तेवढं दाखवा, मोकळे व्हा."

"म्हणजे उरलेलं मी पाहिलं की नुसतं बरोबर धरलं, हे कसं कळणार?" ते म्हणाले. "न बघता बरोबर धरणं हाच धंदा बुडवतो, नागपूरकर."

'अंदाजे' या शब्दाचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. कोणी अंदाजे म्हटलं की तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करायचे. पोळीचा रोल डब्यातून काढून त्याचे चार तुकडे करायचे, तेही पट्टी लावून. आणि गाडी! फोर-ओ-फाइव्ह हायवेवर त्यांनी कधी गाडी घातली नाही. सिॲटलला जायचं तर तळ्याच्या कडेकडेने, दर दोन मिनिटांनी सिग्नल असलेल्या रस्त्याने, तासाभराचं अंतर दीड तासात. मी चिडवलं की म्हणायचे, "किनारा धरून चालणाऱ्याला काही कमी लेखू नका. माझी बोट तशीच आहे."

त्यांची बोट म्हणजे हेल्गोलांड. डेन्मार्कचं किनारा राखणारं चिलखती जहाज, एकोणिसाव्या शतकातलं. लाकडावर लोखंडाची जाड कातडी चढवलेली, पुढे एकच भलीमोठी तोफ. ही बोट काका जेवणाच्या टेबलावर बांधत होते. पहिल्यांदा त्यांच्या अपार्टमेंटमध्ये गेले तेव्हा टेबलावर साडेतीन फुटांचा लाकडी सांगाडा, खाली वर्तमानपत्रं, आणि त्यांची मुलगी मनू ओट्याशी उभी राहून वरण-भात खात होती. तिला विचारलं, "अगं, बसायला जागा नाही का?" ती खांदे उडवत म्हणाली, "द वॉरशिप नीड्स द टेबल." आम्ही दोघी हसलो. काकाही हसले, पण जरा उशिरा.

बोटीचं चिलखत तुपाच्या डब्यांचं होतं. इंडियन स्टोअरमधून तूप आणायचं, डबा रिकामा झाला की कापून, ठोकून, सपाट करून पत्रा काढायचा. त्यामुळे घरात तूप फार खपायचं. मनू कुरकुरायची. वरून तो पत्रा करड्या रंगाने रंगवलेला, पण आतल्या बाजूला नीट बघितलं तर एका गाईचं अर्धं तोंड दिसायचं.

मी विचारलं, इतक्या बोटी जगात, हीच का? ही काही कुठली लढाई जिंकली का?

"एकही नाही," काका खुशीत येऊन म्हणाले. "तीसेक वर्षं कोपनहेगनच्या आसपास उभी राहिली. युद्ध झालंच नाही. मग भंगारात काढली. लढलेल्या बोटींची मॉडेलं सगळेच करतात. हिला कोणी विचारत नाही."

"मग उपयोग काय झाला तिचा?"

"ती उभी होती आणि कोणी आलं नाही. आता ती होती म्हणून आलं नाही की कोणी येणारच नव्हतं, हे कसं सिद्ध करणार? माझ्या कामाचंही तेच आहे. चूक झाली नाही, म्हणजे लोकांना वाटतं चेकरने काही केलंच नाही."

त्या वेळी मला हे फार गंमतीदार वाटलं. घरी येऊन मी ते आरशासमोर म्हणून बघितलं, त्यांच्या आवाजात.

जाताना ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "ऑफिसात बोटीचं बोलू नका. दिवस वाईट आहेत. लोकांना वाटेल याला कामं नाहीत." मी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात कॅफेटेरियात पाच-सहा जणांसमोर मी तुपाचा डबा आणि गाईचं तोंड सांगितलं. नक्कलही केली. काका त्या वेळी आपल्या जागेवर पोळीचे तुकडे मोजत असणार.

मी वाईट नव्हते हो. माझं त्यांच्यावर प्रेमच होतं. पण काही माणसांवर आपण प्रेम करतो ते त्यांच्या गोष्टी चांगल्या होतात म्हणून, आणि हे तेव्हा कळत नाही.

बोटीचे नकाशे त्यांनी कोपनहेगनच्या एका संग्रहालयाला पत्र लिहून मागवले होते. तिथून बारीक, पुसट प्रती आल्या. त्यावरून आपल्या मापाची मोठी ड्रॉइंग्ज काढायची तर हाताने वर्ष गेलं असतं. मीच म्हटलं, "काका, मी छोटा प्रोग्रॅम लिहिते. मापं टाकायची, तो स्केल करून देईल. ऑफिसच्या मोठ्या प्लॉटरवर साडेपाचनंतर प्रिंट मारू. माझ्या लॉगिनने. कोण बघतंय?" ते दोन दिवस नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. मला उपकार करायची फार हौस.

अकरा मोठ्या शीट निघाल्या. मी गुंडाळी घेऊन थाटात त्यांच्या घरी दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर पहिली शीट पसरलेली, आणि तिच्यावर पिवळं नावाला नाही. सगळे लाल गोल.

"नागपूरकर, फूट कुठला धरलात?"

"कुठला म्हणजे? फूट म्हणजे फूट."

"हा डेन्मार्कचा फूट आहे. त्या काळातला. आपल्या फुटापेक्षा नऊ मिलिमीटर मोठा." त्यांनी खिशातली पट्टी काढून नऊ मिलिमीटर म्हणजे किती ते अंगठ्याच्या नखाने मला दाखवलं. "तोफेची मापं मी पुस्तकातून मीटरमध्ये घेतलीत. या मापाच्या बोटीवर ती बसलीच नसती."

माझं तोंड एवढंसं झालं. सॉरी सॉरी म्हणत सुटले. काकांनी मला थांबवलं. "तुम्ही काढलंत, मी पहिली शीट येताच तपासायला हवी होती. अकराच्या अकरा निघेपर्यंत बसून राहिलो. आमच्यात एक रीत आहे, चेकरने सही केली की चूक चेकरची. काढणाऱ्याकडे परत जात नाही."

"पण तुम्ही तर सही केलीच नव्हती."

"हातात घेतलं ना? मग झालं."

मी प्रोग्रॅम सुधारला आणि पुन्हा अकरा शीट काढल्या. त्यानंतर 'फूट' शब्द निघाला की मी म्हणायचे, "कुठला फूट?" आणि ते लहान मुलासारखे खूश व्हायचे.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे माणसं कमी करायला सुरुवात झाली. फेब्रुवारीत एके दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. हसतमुख माणूस होता, त्याची मुलगी आणि मनू शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये एकत्र होत्या, मनू शनिवार-रविवार त्यांच्याच घरी पडीक असायची. त्याच्या हातात प्लॉटरचा लॉग होता. "तुझ्या लॉगिनवरून बावीस मोठ्या शीट. सॉफ्टवेअरच्या माणसाला एवढा कागद कशाला?"

माझा व्हिसा कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की बाडबिस्तरा उचलून नागपूर. काकांचंही तेच होतं, शिवाय त्यांच्या ग्रीन कार्डाची फाइल चार वर्षांनी शेवटच्या पायरीवर आलेली आणि मनू अकरावीत. हे सगळं मला माहीत होतं. तरी तोंडातून काय निघालं? मी हसले. म्हटलं, "ओह, ती माझी नाहीत. ती आमच्या म्हाताऱ्याची युद्धनौका आहे. त्यांनी मागितलं, मी नाही कशी म्हणणार?" आणि मग, देवाशपथ सांगते, मी चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टी काढल्याचा आव आणला. मॅनेजर खुर्चीत मागे रेलून हसला. मला सुटल्यासारखं वाटलं. 'त्यांनी मागितलं' हे खोटं होतं, पण हसण्यात ते कुठे पडलं ते कोणी पाहिलं नाही.

दोन आठवड्यांनी यादी लागली. ड्रॉइंगमधल्या दोघांपैकी एकाला काढायचं होतं. काका गेले. मॅनेजर कॉफी मशिनपाशी मला भेटला तेव्हा म्हणाला, "वाईट वाटतं. पण आता त्याला बोटीसाठी वेळ मिळेल." आपण दोघं मिळून एक विनोद केलाय अशा सुरात.

काका आपल्या दोन पेन्सिली आणि डबा पिशवीत भरत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "बोटीच्या शीटचं विचारलं मला. लॉगिन मी तुमच्याकडून मागून घेतलं, असं सांगितलंय. तुमचं नाव कुठे येणार नाही. तुमची अजून सगळी नोकरी व्हायचीय." मी त्यांची पिशवी धरली. त्यांनी विचारलं असतं, तर सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. ते विचारणारच नव्हते. बोटीचं ऑफिसात फक्त मला माहीत आहे आणि मी कोणाला सांगितलेलं नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेले. फोर-ओ-फाइव्हवरून. काका पुढच्या सीटवर हँडल धरून, डोळे स्पीडोमीटरवर. मनू मागे, कानात इअरफोन, खिडकीकडे तोंड. पूर्ण रस्ताभर बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, देश सुटतोय, शाळा सुटतेय, म्हणून. आता सांगू, या पुढच्या एक्झिटला सांगू, असं करत करत सी-टॅक विमानतळ आला. उतरताना काका म्हणाले, "बोट तुमच्याकडे राहू द्या. तोफ तेवढी बसवायचीय. घाई नाही." मनू बॅगा ओढत पुढे निघून गेली होती. तिने मला बाय केलं, त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही.

पुढे मी लग्न करून दूर पूर्व किनाऱ्यावर एडिसनला आले. बोट आली, नकाशांची गुंडाळीही आली. पुस्तकांच्या कपाटावर हेल्गोलांड बिनतोफेची उभी राहिली, आणि घरी कोणी आलं की पहिलं विचारायचं, हे काय? मग मी सुरू व्हायचे. डोनट, तूप, गाईचं तोंड, डेन्मार्कचा फूट. सहा वर्षं ही गोष्ट मी सांगितली, आणि सांगून सांगून ती इतकी घोटीव झाली होती की हशा कुठे येणार तेही ठरलेलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला, खणानारळाची ओटी घेऊन आलेल्या एका वयस्कर मावशी सगळं ऐकून, न हसता म्हणाल्या, "गं, मग त्यांचं पुढे काय झालं?"

"परत गेले," मी म्हटलं.

"का?"

मी उठून कपबशा गोळा करायला लागले. पाहुणे गेल्यावर मी कपाटामागची गुंडाळी काढली. इतक्या वर्षांत ती उघडलीच नव्हती. दुसऱ्या खेपेच्या अकराही शीट पिवळ्याधमक. प्रत्येक माप. कोपऱ्यात काढणाऱ्याच्या चौकटीत त्यांच्या अक्षरात माझं नाव, संपूर्ण, आडनावासकट. जे नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नाही ते. तपासणाऱ्याच्या चौकटीत त्यांची सही. आणि वर, ड्रॉइंग पुन्हा का काढावं लागलं ते लिहायची जी ओळ असते, तिथे: 'तपासनिसाची चूक.' अकरा वेळा. या शीट त्यांना फक्त स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर ठेवायच्या होत्या. तिथेसुद्धा त्यांनी माझी चूक माझ्या नावावर लिहिली नाही.

मी जमिनीवर बसून रडले. मग त्यांचा नंबर शोधला. आठवडाभर लागला. इथे शनिवार संध्याकाळ, तिकडे रविवारची सकाळ. ते ठाण्याला असतात, एकटेच.

"नागपूरकर! अहो, बोला बोला. बोटीला ऊन लागत नाही ना? लाकूड फाकेल."

"नाही काका. कपाटावर आहे. काका, मला एक सांगायचंय. ते प्लॉटरचं. मॅनेजरला मी सांगितलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"कधी?"

"लिस्ट लागायच्या दोन आठवडे आधी. मला विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. हसत. तुमची नक्कल करून. प्रिंट मारायचं माझंच डोकं होतं, हेही नाही सांगितलं."

"नक्की? अंदाजे नाही ना बोलत?"

"नाही काका. मीच. दुसरं कोणी नाही."

मग ते बोलले. आवाज माझ्याशी बोलतोय असा नव्हता.

"मला वाटलं मनूने. त्यांच्या घरी जायची ना ती. तिथे बोलली असेल, बोटीची थट्टा केली असेल. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, तुझ्या जिभेने आपलं घर घालवलंस. ती काही बोलली नाही. मला वाटलं, बोलत नाही म्हणजे खरं असणार." ते थांबले. "सोळा वर्षांची होती हो. आता बंगळूरला असते. दिवाळीला येते, दोन दिवस. भाऊबीज झाली की जाते."

"काका, मी बोलू का तिच्याशी?"

"उभ्या जन्मात एक माप न बघता सोडलं नाही मी," ते म्हणाले. "पोरीला एकदा विचारलं नाही. तिचं तेवढं अंदाजे धरलं."

आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांची नक्कल त्यानंतर मी केलेली नाही. पाहुण्यांनी विचारलं तर एका ओळखीच्या गृहस्थांची बोट आहे एवढंच सांगते. तोफ बसवलेली नाही. दोन आठवडे मी रोज ठरवायचे, आज फोन करू. शेवटी केला. मला वाटलं होतं, ते रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, मग कधीतरी पुन्हा "काय नागपूरकर" म्हणतील.

फोन मनूने उचलला. मी नाव सांगितलं. इंग्रजीशिवाय न बोलणारी ती मुलगी, शांत, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबांना तुमच्याशी बोलायचं नाहीये. मलाही नाही. कृपा करून परत फोन करू नका." मागून काकांचा आवाज आला, मनू, पोळ्या गार होताहेत गं. "आले बाबा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. जुलै होता. दिवाळीला अजून तीन महिने होते.